अद्याप पुरातन नाही

पाळकसाहेबांची उंची पाच फूट एक इंच होती. ही मोजणी त्यांच्या पत्नीची, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची. त्यामुळे तिच्यात केसांचा फुगवटा धरलेला नव्हता. पाळकसाहेब स्वतः विचारल्यास पाच-दोन सांगत. एरवी आयुष्यात कधी खोटं न बोललेल्या माणसाला एक इंच माफ असावा, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्यांच्या चर्चमधलं पुलपिट, म्हणजे ज्याच्यामागे उभं राहून प्रवचन करायचं तो लाकडी कठडा, साडेचार फुटांचा होता. तो बांधणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणी धिप्पाड पुरुष असावा. बावीस वर्षांपूर्वी पाळकसाहेब पहिल्यांदा तिथे उभे राहिले, तेव्हा पहिल्या तीन रांगांना फक्त त्यांचा भांग दिसला. दुसऱ्याच दिवशी मंडळीतल्या सुतारदादांनी, कोणाला कानोकान खबर न लागू देता, पुलपिटामागे नऊ इंचांची पायरी ठोकून दिली. तेव्हापासून पाळकसाहेब छातीपर्यंत दिसू लागले. त्यांच्या हिशेबी हे गुपित तिघांनाच ठाऊक होतं: ते स्वतः, बाई आणि सुतारदादा.

पायरीला एकच खोड होती. चढताना ती करकरायची. ती करकर झाकण्यासाठी पाळकसाहेब पाय ठेवता ठेवता खोकत. बावीस वर्षं, दर रविवारी, नेमका एक खोकला. मंडळीतल्या डॉक्टरांनी काळजीपोटी त्यांची छाती दोनदा तपासली होती आणि दोन्ही वेळा कोड्यात पडले होते.

"सांगून टाका ना एकदाचं," बाई म्हणत. "उंची हा काही गुन्हा नाही. मोजमाप आहे."

"आणि मग माझी पायरी राहील का?"

"तीच तर राहील," बाई म्हणत आणि वह्या तपासायला लागत.

तर अशा या पाळकसाहेबांना परदेशदौऱ्याची चिठ्ठी लागली.

आसपासच्या सगळ्या मंडळ्यांचा, म्हणजे चर्चांचा, मिळून एक संघ होता. दरवर्षी संघ एका पाळकाला समुद्रापलीकडच्या तीन मंडळ्यांच्या भेटीला पाठवी. कोणाला पाठवायचं हे चिठ्ठी टाकून ठरे, म्हणजे देवाच्या इच्छेत कोणाचा हात नको. यंदा देवाची इच्छा मोठ्या चर्चच्या पाळकांच्या बाजूची आहे, असं सगळेच धरून चालले होते. ते सहा फूट दोन इंच होते, आवाज मेघासारखा, आणि इतर पाळक आपसांत त्यांना 'मनोरा' म्हणत. त्यांनी नवा सूटही शिवायला टाकला होता. चिठ्ठी उघडली आणि पाळकसाहेबांचं नाव निघालं. मनोऱ्याने वाकून त्यांचं अभिनंदन केलं. अभिनंदनासाठी इतकं वाकायची काही गरज नव्हती, असं पाळकसाहेबांना वाटून गेलं.

घरी येईपर्यंत त्यांना आनंद झालेला होता. जिना चढताना पहिली शंका आली आणि दार उघडेपर्यंत तिची धडकी झाली होती. भाषेची चिंता नव्हती, ती कामापुरती येत होती. विमानाची भीतीही नव्हती.

"तिकडची पुलपिटं केवढी असतील गं?"

"विचारून घ्या."

"काय विचारू? तुमचं पुलपिट केवढं ते कळवा, कारण आमचा माणूस एवढाच आहे?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. प्रश्न खरोखरीचा होता. हजारो मैल जाऊन तीन मंडळ्यांना भांग दाखवून परत यायचं, ही कल्पना त्यांनाही बरी वाटली नाही. "मग सुतारदादांना विचारा. घडीची पायरी होते का बघा."

सुतारदादांनी ती आठ दिवसांत केली. चर्चमधलं पहिल्या रांगेचं जुनं बाक मोडलं होतं, त्याची फळी घेतली. "नव्वद वर्षं लोक बसलेत हिच्यावर साहेब, आता ही फळी हलायची नाही की वाकायची नाही," ते म्हणाले. पितळी बिजागऱ्या, खाली रबरी टाचा, आणि घडी केली की हातातल्या मोठ्या पुस्तकाएवढी. पाळकसाहेबांनी दार लावून घेतलं आणि वर चढून बघितलं. आवाज नाही! तरीही ते सवयीने खोकलेच. दोघेही मग त्या वस्तूकडे पाहत राहिले. चांगलं काम समोर असलं की माणसाला बोलवत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. पुढचं सगळं परदेशकाकांमुळे झालं.

समोरच्या घरातले हे काका नऊ वर्षांपूर्वी मुलीकडे सव्वीस दिवस राहून आले होते, पण मनाने अजून पूर्ण परतले नव्हते. पाळकसाहेबांची बॅग भरायला ते न बोलावता आले आणि कपड्यांच्या खाली त्यांना फळी लागली.

"लाकूड? अहो पाळकसाहेब, लाकूड तिकडे नेऊ देत नाहीत! त्यांना किडीची भारी धास्ती. हिच्या चपलेची लाकडी टाच विमानतळावर काढून घेतली. एकच टाच. दुसरीवर कीड नव्हती म्हणे. सव्वीस दिवस ही एका बाजूला कललेली. सगळ्या फोटोंत बघा!"

काकूंनी दारातूनच मान हलवून दुजोरा दिला.

"हे आहे तरी काय?" काकांनी विचारलं.

पाळकसाहेब खोटं बोलत नसत, पण सगळं खरं सांगायचं असतं असंही कुठे लिहिलेलं नाही. ते म्हणाले, "उपासनेसाठी लागतं."

हेच ते वाक्य. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि पुढचा दीड महिना त्यानेच खाल्ला.

"असं होय," काका एकदम हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी फळीवरचा हात काढून घेतला. "मग तर दाखला हवाच. अशा वस्तूची विटंबना व्हायला नको."

कीड नसल्याचा दाखला देणारं कार्यालय गोदामांच्या मागे होतं. तिथे भिंतीला लागून किड्यांचे नमुने काचेखाली टाचून ठेवले होते, आणि रांगेतल्या माणसांकडेही कारकून त्याच नजरेने बघत होता. फॉर्मवर 'वस्तूचा उपयोग' असा रकाना होता. पाळकसाहेब त्या रकान्यासमोर पाच मिनिटं पेन धरून बसले. मग त्यांनी लिहिलं: उपासनेसाठी.

कारकुनाने ते वाचलं, रुमालाने हात पुसले आणि मगच पायरी उचलली. तिला कान लावला. बोटाने टकटक केली. पुन्हा कान लावला.

"कीड नाही," तो म्हणाला. "पण लाकूड जुनं दिसतंय."

"नव्वद वर्षांचं आहे," पाळकसाहेब म्हणाले, कारण ते तेवढंच होतं.

"नव्वद वर्षांची उपासनेची वस्तू?" कारकुनाने पेन खाली ठेवलं. "साहेब, मग हे आमच्याकडे नाही. तुम्ही पुराणवस्तू खात्यात जा. ते सोडतील, मग आम्ही सोडू."

"पण ही काही पुराणवस्तू..."

"ते ठरवणारे तुम्ही कोण आणि मी कोण?" कारकून म्हणाला. आणि त्याने रांगेतल्या पुढच्याला हाक मारली.

पुराणवस्तू खात्यात चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला साहेब होते पण भिंग नव्हतं. तिसऱ्या खेपेला वस्तूचे चारी बाजूंनी फोटो मागितले. ते काढायला गेले तर फोटोवाल्याने तिच्यामागे निळा मखमली पडदा लावला. वस्तूच्या शोभेला साधा पडदा बरा दिसत नाही, असं त्याचं म्हणणं. चौथ्या खेपेला एक चष्मेवाल्या बाई आल्या, त्यांनी भिंग लावून पायरी अर्धा तास न बोलता पाहिली. फळीच्या कडेला बाकाच्या वेळचं कोरलेलं साल होतं, ते त्यांनी वजा करून कागदाच्या कोपऱ्यात मांडलं.

"नव्वद पूर्ण," त्या म्हणाल्या. "शंभर असती तर मी देशाबाहेर जाऊ दिली नसती. तुम्ही दहा वर्षं लवकर आलात, हे बरं झालं."

आणि त्यांनी सहीशिक्क्यानिशी दाखला दिला: 'धार्मिक महत्त्वाची लाकडी वस्तू. अद्याप पुरातन नाही.'

पाळकसाहेबांनी तो दोनदा वाचला. त्या वर्षी त्यांना एकोणसाठ पूर्ण होत होती. हा दाखला पायरीचा आहे की आपला, अशी शंका त्यांना चाटून गेली.

दाखल्याची प्रत चर्चच्या दप्तरी द्यावी लागली. ती सेक्रेटरींच्या हातात पडली. सेक्रेटरी हळवे गृहस्थ. त्यांनी दाखला वाचला, फोटो बघितला, मखमली पडदा बघितला आणि चष्मा काढून पुसला.

"आपल्या चर्चची अशी वस्तू होती आणि आम्हाला पत्ता नाही?"

"सेक्रेटरीसाहेब, ऐका. ती वस्तू म्हणजे..."

"काही बोलू नका. तुमचा स्वभाव मी ओळखतो. कोणाला कळू न देता नेणार होतात!"

हे मात्र शब्दशः खरं होतं, त्यामुळे पाळकसाहेबांना नाकारता येईना. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींनी दाखला आणि फोटो तिन्ही परदेशी मंडळ्यांना मेलने पाठवून दिले होते, आणि वस्तू परत आली की ठेवायला एक काचेचं कपाट करण्याचा ठरावही मांडला होता. कपाटाचं काम सुतारदादांना दिलं.

"दादा, तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"काय बोलू साहेब?" सुतारदादांचा चेहरा पडला होता. "त्यांनी विचारलं, माप घ्यायला वस्तू लागेल का. मी म्हणालो, माप पाठ आहे. तर म्हणाले, बघा याची श्रद्धा!"

विमानात त्यांना खिडकी मिळाली. सकाळची वेळ होती. विमान ढगांच्या वर आलं आणि पाळकसाहेब पायरी, दाखला, कपाट सगळं विसरले. खाली पांढऱ्या ढगांची जमीन पसरली होती आणि तिच्यावर विमानाची इवलीशी सावली धावत होती, सावलीभोवती रंगांचं गोल कडं. बाईंनी हे आधीच सांगून ठेवलं होतं: "सावलीभोवती कडं दिसेल. ते ज्याचं त्याला दिसतं, प्रत्येकाच्या कड्याचा मध्य तो स्वतः असतो." त्यांनी तेव्हा हुंकार दिला होता. आता ते कडं बघताना त्यांच्या अंगावर काटा आला. ढग सरले आणि समुद्र आला. दोन तास समुद्र, तीन तास समुद्र. त्यांनी बावीस वर्षं ज्याच्या हातच्या कामाचं वर्णन केलं होतं, ते काम त्यांनी पाहिलेलंच नव्हतं! अकरा किलोमीटर वरून खाली एक जहाज दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. इथून मनोरा आणि आपण यांतला फरक काढायला कुठलं उपकरण लागेल, असा हिशेब त्यांनी करून पाहिला आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना हसू आलं.

पहिली मंडळी मोठ्या शहरातली. तिथलं दगडी चर्च बघताना पाळकसाहेबांची मान मागे जात जात टोपी पडली. छत इतकं उंच की आत स्वतःचं हवामान असावं. रंगीत काचांतून आलेला उजेड फरशीवर सांडला होता, आणि त्यावर पाय द्यायचा धीर होईना. यजमान पाळक सहा फूट चार होते. पाळकसाहेबांचे डोळे त्यांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाशी येत, म्हणून पहिल्या दिवशी ते त्या बटणाशीच बोलले.

"वस्तू आणलीत?" यजमानांनी दबक्या आवाजात विचारलं.

पाळकसाहेबांनी बॅगेतून पायरी काढून दिली. यजमानांनी ती दोन्ही हातांवर घेतली आणि ते चालू लागले. पाळकसाहेब मागे. पवित्र मेजाच्या शेजारी एक छोटं टेबल मांडलं होतं, वर पांढरं कापड, दोन मेणबत्त्या, आणि पितळी पट्टी. पट्टीवर तिकडच्या भाषेत कोरलं होतं: समुद्रापलीकडच्या बंधूंकडून.

"साहेब," पाळकसाहेब धीर करून म्हणाले, "ही खरं तर पायरी आहे."

यजमान थबकले. त्यांनी डोळे मिटले. "पायरी," ते म्हणाले. "किती खरं बोललात. आपण सगळेच तिच्यावर आहोत."

"नाही, म्हणजे मी तिच्यावर..."

"मीही, बंधू. मीही."

रविवारी सातशे माणसं आली. पुलपिट जमिनीपासून नऊ पायऱ्या वर होतं आणि त्याचा कठडा कोरीव, जाड आणि पाळकसाहेबांच्या कपाळापर्यंत. ते वर चढले, सवयीने खोकले आणि नाहीसे झाले. आतून त्यांना फक्त छत दिसत होतं. खाली, सातशे लोकांच्या डोळ्यांसमोर, दोन मेणबत्त्यांच्या मध्ये, त्यांची पायरी झळकत होती. नऊच पायऱ्या खाली, पण हाताबाहेर. त्यांनी छताकडे बघत वीस मिनिटं प्रवचन केलं. विषय होता 'आपला दिवा मापाखाली झाकू नका'. तो त्यांनी दोन महिन्यांपूर्वी निवडला होता.

नंतर लोक रांगेने हात मिळवायला आले. एका म्हाताऱ्या बाईंचे डोळे भरून आले होते. "आजवर इतके प्रवचनकार पाहिले," त्या म्हणाल्या, "पण स्वतःला संपूर्ण नाहीसं करणारे तुम्हीच. नजर फक्त त्या वस्तूवर राहावी म्हणून!"

नम्रतेबद्दल इतकं कौतुक त्यांना जन्मात मिळालं नव्हतं. पण त्या मुक्कामात त्यांना एक घास गोड लागला नाही. आता हे केवळ उंचीचं राहिलं नव्हतं. खोटं न बोलता आपण सातशे माणसांना फसवलं होतं. फोनवर बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"तिथे किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"दुपारचे दोन. का?"

"काही नाही. सांगून टाकायला उशीर झालेला नाही एवढंच."

दुसऱ्या मंडळीकडे पायरी वेगळ्या मोटारीतून आली, पट्टा बांधून. ती मंडळी एका शाळेचा खेळाचा हॉल भाड्याने घेऊन भरत असे. तिथे पुलपिट पारदर्शक होतं, त्यामुळे पाळकसाहेब पायांपासून डोक्यापर्यंत दिसले आणि दोन पायांत दोन रंगांचे मोजे आहेत हेही सगळ्यांनी पाहिलं. पण तिथेच असं काही झालं की ते पुढे कित्येक दिवस त्याबद्दल कुणाशी बोलू शकले नाहीत. अकरा देशांतून पोटापाण्यासाठी आलेली माणसं होती ती. कोणी सफाईचं काम करणारं, कोणी ट्रक चालवणारं, कोणी आजाऱ्यांची सेवा करणारं. शेवटी सगळे उभे राहिले आणि एकच प्रार्थना, प्रत्येकाने आपापल्या भाषेत, एकदम म्हटली. अकरा भाषांचा नुसता कालवा व्हायला हवा होता. पण तो वर चढला, एका ठिकाणी दम घेतला, आणि सगळे दोन सेकंदांच्या आत एकाच जागी येऊन थांबले. पाळकसाहेबांची प्रार्थना मध्येच राहिली, कारण ते ऐकत होते.

त्या मंडळीने पायरीचा फोटो काढून भिंतीवर लावला. शेजारी उभ्या पाळकसाहेबांच्या मोज्यांसकट.

तिसरी मंडळी एका बेटावर होती. बोटीने चार तास. बोटीत बसल्यावर पाळकसाहेबांनी पायरी मांडीवर घेतली आणि निश्चय केला: इथे उतरल्यावर पहिलं वाक्य खरं बोलायचं. वाक्य पाठ केलं. लाटा उंच होत्या, त्यामुळे अर्धा वेळ ते डोकं बोटीबाहेर काढून होते. अर्ध्या तासाने वाक्यासकट पोटातलं सगळं समुद्राला मिळालं.

धक्क्यावर एक बाई उभी होती. पांढरा कोट, गळ्यात तपासणीची नळी, पायात गमबूट. ती बेटावरची नर्स. पाळक या बेटावर तीन-तीन वर्षं फिरकत नसे, म्हणून अकरा वर्षं दर रविवारची उपासनाही तीच चालवत होती. पाळकसाहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांना काहीतरी चमत्कारिक वाटलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. ते बोलताना खाली बघत होते. ती त्यांच्याहून तीन बोटं बुटकी होती.

"चेहरा हिरवा पडलाय तुमचा," नर्सबाई म्हणाल्या. "आधी पाणी, मग देव."

चर्च म्हणजे समुद्राकडे तोंड करून बसलेली दगडी खोली. माणसं एकोणीस, तीही सगळी आली तर. पुलपिट दगडीच, आणि पाच फुटांचं. पाळकसाहेब त्याच्यामागे गेले आणि त्यांचा पाय खाली गेला. फरशीत खळगा होता, बशीसारखा, गुळगुळीत. दोन इंच तरी खोल.

"हे काय?"

"पाळक," नर्सबाई म्हणाल्या. "तीनशे वर्षं एकामागून एक इथेच उभे राहिले. पाय हलवत बोलायचे, दगड झिजला. प्रत्येक जण आपल्या आधीच्यापेक्षा केसभर खाली उभा राहिला."

पाळकसाहेबांनी दुसरा पायही खळग्यात ठेवला. दोन्ही पाय बसले, जणू माप घेऊन केलेले. ते आता चार फूट अकरा होते आणि समोर दगडाशिवाय काही दिसत नव्हतं. पण ते तिथून हलले नाहीत. तीनशे वर्षांची माणसं, नाव नाही, गाव नाही, उरलं ते एवढंच: दोन इंच. आणि आपण एका इंचासाठी!

"तुम्ही इथे उभ्या राहून बोलता?" त्यांनी दगडाआडून विचारलं.

"मी बाजूला. आत गेले की मी दिसतच नाही. पण तिथून मागच्या दोघा म्हाताऱ्यांना ऐकू जात नाही. अकरा वर्षं ते नुसतीच मान डोलावतायत." मग त्यांचा आवाज बदलला. "अरे वा! ही काय, घडीची आहे?"

पाळकसाहेब दगडाआडून बाहेर येईपर्यंत नर्सबाईंनी बाकावरची पायरी उघडली होती. त्यांनी ती फरशीवर ठेवली. गमबूट वर ठेवला. दुसरा ठेवला. आणि मग, सातशे माणसांनी जिला मेणबत्त्या लावल्या त्या धार्मिक महत्त्वाच्या लाकडी वस्तूवर, त्यांनी दोनदा उडी मारून पाहिली.

"अहो!" पाळकसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"मजबूत आहे. रबरी टाचासुद्धा! कोणी केली? तुमच्या सुताराला माझा नमस्कार सांगा. डोकं आहे माणसाला."

"तुम्हाला मेल आला नाही का? दाखला? ही धार्मिक..."

"आला असेल. इथे मेल उघडायला टेकडीवर जावं लागतं." त्या खाली उतरल्या. "पण ही पायरी आहे ना? मग त्यात वाचायचं काय?"

पाळकसाहेब बाकावर बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तशी नर्सबाईंनी त्यांची नाडी धरली. मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं: भांग, खोकला, कारकून, भिंग, मखमली पडदा, मेणबत्त्या. रविवारी एकोणीस जणांनाही तेच सांगितलं, पायरीवर उभं राहून, खळग्यात पायरी ठेवून. कठड्यावरून त्यांना समोरच्या खिडकीतला समुद्र प्रथमच दिसला. मागचे दोन म्हातारे अकरा वर्षांत पहिल्यांदा नेमक्या जागी हसले.

निघताना त्यांनी पायरी तिथेच ठेवली. देताना हात जरा रेंगाळला, पण ठेवली. नऊ इंचांतले दोन खळग्याने खाल्ले तरी नर्सबाईंना सात उरत होते.

घरी परतल्यावर पहिल्या रविवारी काचेचं कपाट तयार होतं. आत दिवा होता. सेक्रेटरी हार घेऊन दारात उभे होते, पहिल्या रांगेत मनोराही पाहुणा म्हणून बसला होता, आणि परदेशकाका लोकांना वस्तू आपल्याला प्रथम कशी सापडली ते सांगत होते. दोनशे माणसांचा गलका चालला होता. बाई नेहमीच्या जागी शांत बसल्या होत्या.

पाळकसाहेब पुलपिटामागे गेले. ते जुन्या पायरीवर चढले. ती करकरली.

आज ते खोकले नाहीत.

"मंडळी," ते म्हणाले, "कपाट रिकामंच राहणार आहे. ती पवित्र वस्तू नव्हती. ती पायरी होती. मी बुटका आहे. पाच फूट एक. बावीस वर्षं मी तुमच्यासमोर पायरीवर उभा आहे, आणि तुमच्यापासून ते लपवलं. मला क्षमा करा."

मग पहिल्या रांगेतल्या आजीबाई, ज्यांना ऐकू कमी येई म्हणून त्या मोठ्याने बोलत, म्हणाल्या, "अहो साहेब, ते आम्हाला ठाऊक आहे. पुढे बोला."

"ठाऊक आहे?"

"पहिल्या आठवड्यापासून! एका रविवारी भांग, दुसऱ्या रविवारी छाती. माणूस आठ दिवसांत एवढा वाढतो होय?"

हशा उसळला. डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे छातीत काही नव्हतंच!" सुतारदादा उठून उभे राहिले. ते मान खाली घालून बोलले.

"साहेब, ती करकर मी दोन खिळ्यांत बंद केली असती. दरवर्षी चर्चच्या पंचांना विचारायचो. दरवर्षी पंच म्हणायचे, हात लावू नकोस."

पाळकसाहेबांनी बाईंकडे बघितलं. "तुलाही माहीत होतं?"

"ते मंडळीचं गुपित होतं," बाई म्हणाल्या. "मी कशी सांगणार?"

"पण पंचांनी असं का म्हणावं?"

पंच सुतारदादांकडे आणि सुतारदादा पंचांकडे बघू लागले. शेवटी मनोरा उठला. नवा सूट घातलेला तो उंच माणूस थोडा ओशाळला होता. "तुम्ही नसताना तीन रविवार मी इथे बोललो," तो म्हणाला. "माझा आवाज सगळ्यांना माहीत आहे. पण तिन्ही रविवार इथली बडबड थांबलीच नाही. मी उभा आहे हे कोणाला कळलंच नाही. मला पायरी लागत नाही ना."

लोक आता मोकळेपणाने बोलू लागले होते, हसत होते, एकमेकांना आपापला पहिला आठवडा सांगत होते. सेक्रेटरींनी हार कोणाला घालावा हे न कळून शेवटी कपाटात ठेवला आणि त्याच्याशेजारी दाखला टेकवून उभा केला: अद्याप पुरातन नाही. या गदारोळात पाळकसाहेबांच्या लक्षात आलं की प्रवचनाचा कागद खाली मेजावर राहिला आहे. ते उतरले, कागद घेतला, आणि पुन्हा पायरीवर पाय ठेवला.

पायरी करकरली.

आणि दोनशे माणसं, आजीबाईंसकट, एका सेकंदात शांत झाली. पाळकसाहेब कागद हातात धरून तसेच उभे राहिले. बावीस वर्षं ही शांतता दर रविवारी याच क्षणी होत आली होती, आणि बावीस वर्षं ते तिच्यावर खोकत आले होते.